समाजकार्य शिक्षणातील चिकित्सक चिंतन

समाजकार्य शिक्षणातील चिकित्सक चिंतन म्हणजे विद्यार्थ्याने क्षेत्रकार्यात स्वतः केलेली कृती, त्या कृतीमागील गृहीतके आणि त्या गृहीतकांना आधार देणारे सामाजिक सत्तासंबंध यांची पद्धतशीर तपासणी करण्याची शैक्षणिक प्रक्रिया होय. वर्गात शिकलेला सिद्धांत आणि वस्ती, शाळा, रुग्णालय, न्यायालय अशा ठिकाणी केलेले प्रत्यक्ष काम यांच्यात दुवा निर्माण करणे हा तिचा प्रमुख हेतू आहे. इंग्रजीत या संकल्पनेसाठी 'क्रिटिकल रिफ्लेक्शन' ही संज्ञा रूढ असून मराठीत 'चिकित्सक चिंतन', 'समीक्षात्मक चिंतन' असे पर्याय वापरले जातात.

सिद्धांत आधी शिकावा आणि नंतर तो क्षेत्रात 'लागू' करावा, या एकेरी कल्पनेपेक्षा चिकित्सक चिंतनाची भूमिका वेगळी आहे. प्रत्येक कृतीत कोणता ना कोणता सिद्धांत आधीच दडलेला असतो. तो उघड करणे, तपासणे आणि गरज पडल्यास बदलणे हे शिक्षणाचे काम आहे, असे या पद्धतीचे पुरस्कर्ते मानतात. सेवार्थीच्या आयुष्याविषयीचे निर्णय अनेकदा कार्यकर्त्याच्या अशाच न तपासलेल्या समजुतींवर घेतले जातात. त्यामुळे या प्रक्रियेचा संबंध विद्यार्थ्याच्या प्रगतीइतकाच सेवार्थीच्या हिताशीही आहे.

## पार्श्वभूमी

समाजकार्य हा व्यवसायही आहे आणि ज्ञानशाखाही. आंतरराष्ट्रीय समाजकार्यकर्ता महासंघ आणि समाजकार्य विद्यालयांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी जुलै २०१४ मध्ये मेलबर्न येथे स्वीकारलेल्या जागतिक व्याख्येत ही दोन्ही अंगे नमूद केलेली आहेत. मात्र या दोन अंगांचा मेळ घालण्याचा प्रश्न व्यवसायाच्या जन्मापासूनच उपस्थित झालेला आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटन आणि अमेरिकेतील धर्मादाय संस्थांमध्ये नवे कार्यकर्ते अनुभवी कार्यकर्त्यांच्या हाताखाली राहून काम शिकत असत. १८९८ मध्ये न्यू यॉर्क येथे सुरू झालेल्या उन्हाळी प्रशिक्षण वर्गापासून या शिक्षणाला औपचारिक रूप येऊ लागले. १९१५ मध्ये अब्राहम फ्लेक्सनर यांनी बाल्टिमोर येथील परिषदेत समाजकार्य हा खऱ्या अर्थाने व्यवसाय आहे काय, असा प्रश्न उपस्थित केला. मेरी रिचमंड यांचा 'सोशल डायग्नोसिस' हा ग्रंथ १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. व्यवसायाला शास्त्रीय अधिष्ठान मिळवून देण्याच्या पुढील प्रयत्नांत मानसशास्त्र, समाजशास्त्र आणि वैद्यक या शाखांतील सिद्धांतांचा मोठ्या प्रमाणावर स्वीकार झाला. परिणामी, ज्ञान विद्यापीठात निर्माण होते आणि क्षेत्रात केवळ त्याचा वापर होतो, अशी एक उतरंड रूढ झाली.

या उतरंडीतून दोन परस्परविरोधी तक्रारी पुढे आल्या. वर्गातील विषयांचा प्रत्यक्ष कामात उपयोग होत नाही, असे विद्यार्थी म्हणत. तर संस्थांमधील अनुभवी कार्यकर्ते 'येथे पुस्तकी सिद्धांत चालत नाहीत' असे सांगत. मात्र सिद्धांत नाकारणारा कार्यकर्ताही सिद्धांताविना वागत नाही. 'गरीब माणूस व्यसनामुळे गरीब राहतो' किंवा 'मुलीचे हित लवकर लग्न होण्यातच असते' ही विधाने कार्यकारणभाव सांगणारी, म्हणजे एक प्रकारचे सिद्धांतच आहेत. फरक इतकाच की, ते कोठेही लिहिलेले नसल्यामुळे कोणी तपासत नाही.

## संकल्पना

मराठीत 'चिकित्सा' या शब्दाला रोगोपचार आणि बारकाईने केलेली तपासणी असे दोन अर्थ आहेत. येथे दुसरा अर्थ अभिप्रेत आहे. चिकित्सक चिंतन म्हणजे दोष काढणे किंवा स्वतःला दूषण देणे नव्हे.

साध्या चिंतनात काय घडले, काय वाटले आणि पुढच्या वेळी काय वेगळे करता येईल, हे प्रश्न येतात. चिकित्सक चिंतन त्यापुढे जाऊन वेगळे प्रश्न विचारते: मी जे स्वाभाविक मानले ते कोठून आले? माझी जात, वर्ग, लिंग, भाषा आणि शिक्षण यांचा माझ्या पाहण्यावर कोणता परिणाम झाला? या समजुतीमुळे कोणाची सोय होते आणि किंमत कोण मोजतो? कामाचे तंत्र सुधारण्यापलीकडे जाऊन कामाची दिशा तपासणे हा या प्रश्नांचा रोख आहे.

क्रिस आर्गिरिस आणि डोनाल्ड शॉन यांनी १९७४ च्या 'थिअरी इन प्रॅक्टिस' या ग्रंथात केलेला भेद येथे महत्त्वाचा ठरतो. माणूस आपल्या वर्तनामागे जो सिद्धांत असल्याचे सांगतो तो 'उद्घोषित सिद्धांत' आणि त्याच्या प्रत्यक्ष वर्तनातून दिसून येतो तो 'वापरातील सिद्धांत' होय. सेवार्थीच्या स्वयंनिर्णयाचा पुरस्कार करणारा विद्यार्थी मुलाखतीत स्वतःच उपाय सुचवत राहिला, तर त्याचा वापरातील सिद्धांत 'योग्य काय ते मला अधिक कळते' असा असू शकतो. ही तफावत बहुधा त्याच्या स्वतःच्या लक्षात येत नाही. म्हणून लेखी नोंद आणि दुसऱ्या व्यक्तीशी संवाद यांची आवश्यकता असते.

## वैचारिक उगम

या संकल्पनेची मुळे सामान्यतः अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांच्या विचारांपर्यंत नेली जातात. 'हाउ वी थिंक' या १९१० मधील ग्रंथात त्यांनी चिंतनशील विचाराचे विवेचन केले. कोणतीही श्रद्धा किंवा समजूत स्वीकारण्यापूर्वी तिचे आधार आणि तिच्यातून निघणारे निष्कर्ष सातत्याने तपासणे, हे त्याचे स्वरूप होय. असा विचार शंकेतून, म्हणजे सवयीची वाट अडल्यावर सुरू होतो, असे ड्यूई मानत. जेन अॅडम्स यांच्यासह १८८९ मध्ये शिकागो येथे स्थापन झालेल्या हल हाउस या वस्तीकेंद्राशी त्यांचा निकटचा संबंध होता.

समाजकार्य शिक्षणात या दिशेचा एक आरंभीचा प्रयत्न बर्था रेनॉल्ड्स यांनी केला. १९४२ च्या 'लर्निंग अँड टीचिंग इन द प्रॅक्टिस ऑफ सोशल वर्क' या ग्रंथात त्यांनी विद्यार्थ्याच्या शिकण्याच्या पाच अवस्था वर्णिल्या. आरंभी विद्यार्थी स्वतःविषयीच्या तीव्र जाणिवेने अवघडलेला असतो. पुढे 'बुडा किंवा तरा' अशा धडपडीतून जात तो अशा अवस्थेला पोहोचतो, जिथे परिस्थिती समजते पण स्वतःच्या कृतीवर पूर्ण ताबा नसतो. त्यानंतर सापेक्ष प्रभुत्व आणि अखेरीस इतरांना शिकवण्याची क्षमता येते. समजणे आणि करता येणे यांत काळाचे अंतर असते, हे या मांडणीतून स्पष्ट झाले.

'चिकित्सक' या विशेषणाला राजकीय आशय देण्यात ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरी यांचा मोठा वाटा आहे. त्यांच्या 'पेडॅगॉजी ऑफ द ऑप्रेस्ड' या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १९७० मध्ये प्रसिद्ध झाले. चिंतन आणि कृती यांच्या अतूट एकत्वाला त्यांनी 'प्रॅक्सिस' म्हटले. कृतीवाचून चिंतन ही पोकळ बडबड ठरते, तर चिंतनावाचून कृती ही निव्वळ धावपळ ठरते, अशी त्यांची भूमिका होती. प्रौढ शिक्षणाच्या क्षेत्रात जॅक मेझिरो यांनी गृहीतकांच्या तपासणीतून होणाऱ्या दृष्टिकोनबदलाची मांडणी केली.

१९८३ मध्ये शॉन यांचा 'द रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिशनर' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. व्यवसाय म्हणजे शास्त्रीय ज्ञानाचे तांत्रिक उपयोजन, या समजुतीवर त्यांनी टीका केली. उंच, कोरड्या जमिनीवरील प्रश्न शास्त्रीय तंत्राने सुटतात, पण माणसांना सर्वाधिक ग्रासणारे प्रश्न खालच्या दलदलीत असतात, हे त्यांचे रूपक प्रसिद्ध आहे. त्यांनी 'कृतीदरम्यानचे चिंतन' आणि 'कृतीनंतरचे चिंतन' असा भेद केला. पुढे ऑस्ट्रेलियातील समाजकार्य अभ्यासक जॅन फुक यांनी शॉन यांच्या विचारांना चिकित्सक सामाजिक सिद्धांताची जोड दिली.

## प्रमुख प्रतिमाने

- कोल्ब यांचे चक्र (१९८४): डेव्हिड कोल्ब यांच्या मते प्रत्यक्ष अनुभव, त्याचे चिंतनशील निरीक्षण, अमूर्त संकल्पना आणि सक्रिय प्रयोग या चार टप्प्यांतून शिकणे घडते.
- गिब्स यांचे चक्र (१९८८): ग्रॅहम गिब्स यांनी वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष आणि कृती आराखडा असे सहा टप्पे सुचवले. नवख्या विद्यार्थ्यांना ते सोपे जाते.
- बोगो आणि वायडा यांचे आवर्तन: कॅनडातील मॅरियन बोगो व इलेन वायडा यांनी खास क्षेत्रकार्य मार्गदर्शनासाठी ही रचना मांडली. पुनःस्मरण, चिंतन, सिद्धांताशी दुवा आणि व्यावसायिक प्रतिसाद हे तिचे टप्पे आहेत. प्रतिसादातून नवा अनुभव येतो आणि आवर्तन पुन्हा सुरू होते.
- थॉम्पसन यांचे त्रिस्तरीय विश्लेषण: नील थॉम्पसन यांनी भेदभावाचे विश्लेषण वैयक्तिक, सांस्कृतिक आणि संरचनात्मक अशा तीन पातळ्यांवर करण्याचा आग्रह धरला. वैयक्तिक पूर्वग्रह संस्कृतीत आणि संस्कृती सामाजिक संरचनेत रुजलेली असते, असे हे प्रतिमान सांगते.
- फुक आणि गार्डनर यांची गटपद्धती: जॅन फुक व फिओना गार्डनर यांच्या पद्धतीत लहान गटातील प्रत्येक जण स्वतःच्या कामातील एक महत्त्वाचा प्रसंग मांडतो. पहिल्या टप्प्यात गटाच्या प्रश्नांतून त्यातील गृहीतके उघड होतात, तर दुसऱ्या टप्प्यात त्यांतून कामाची नवी दिशा शोधली जाते.

## क्षेत्रकार्यातील साधने

समाजकार्य अभ्यासक्रमात क्षेत्रकार्याला मध्यवर्ती स्थान असते. अमेरिकेतील समाजकार्य शिक्षण परिषदेने २००८ मध्ये क्षेत्रशिक्षणाला या व्यवसायाची वैशिष्ट्यपूर्ण अध्यापनपद्धती म्हणून मान्यता दिली. भारतातील अनेक महाविद्यालयांत आठवड्यातील दोन दिवस क्षेत्रकार्यासाठी राखलेले असतात. त्याला ग्रामीण शिबिर, अभ्यासभेटी आणि अभ्यासक्रमाच्या अखेरीस सलग क्षेत्रकार्य यांची जोड असते. चिंतनासाठी पुढील साधने प्रामुख्याने वापरली जातात.

क्षेत्रकार्य अहवाल व दैनंदिनी यांत कामाची नोंद होते. मात्र 'गृहभेटी दिल्या, माहिती दिली, जाणीवजागृती केली' अशा साचेबद्ध वाक्यांत अहवाल लिहिला, तर त्यातून चिंतनाला हाताशी काही लागत नाही.

प्रक्रिया-नोंद ही मुलाखतीतील संवाद शक्य तितका जसाच्या तसा लिहून काढण्याची पद्धत आहे. सेवार्थी काय बोलला, कार्यकर्ता काय बोलला, त्या क्षणी कार्यकर्त्याला काय वाटले आणि त्यामागे कोणता विचार होता, हे स्वतंत्र रकान्यांत नोंदवले जाते. कार्यकर्त्याने कोठे विषय बदलला, कोठे सेवार्थीचे वाक्य अर्धवट तोडले, हे अशा नोंदीत दिसून येते.

वैयक्तिक चर्चा आणि गटचर्चा यांत पर्यवेक्षक शिक्षक विद्यार्थ्यांच्या नोंदींवर प्रश्न विचारतो. 'तू काय केलेस?' यापेक्षा 'तुला तेच करावेसे का वाटले?' हा प्रश्न अधिक उपयुक्त ठरतो. गटचर्चेत एकाच प्रसंगाकडे वेगवेगळ्या सामाजिक पार्श्वभूमीचे विद्यार्थी कसे पाहतात, हे समजते.

## उदाहरण

पुढील उदाहरण काल्पनिक असले, तरी त्यातील सामाजिक परिस्थिती मराठवाड्यात सर्वत्र परिचित आहे.

बीड जिल्ह्यातील एका शाळेत क्षेत्रकार्य करणारी विद्यार्थिनी वारंवार गैरहजर राहणाऱ्या बारा वर्षांच्या मुलीच्या घरी जाते. मुलीचे आईवडील ऊसतोड कामगार आहेत. भेटीनंतर ती अहवालात लिहिते: 'पालकांना शिक्षणाचे महत्त्व पटलेले नाही. समुपदेशनाची गरज आहे.'

*पुनःस्मरण:* पर्यवेक्षक तिला प्रक्रिया-नोंद लिहायला सांगतो. तसे करताना तिला आईचे एक वाक्य आठवते: "ताई, पोरीला इथं कुणाच्या भरवशावर ठेवू?" अहवालात हे वाक्य आलेच नव्हते. प्रक्रिया-नोंदीत असेही दिसते की, या वाक्यानंतर विद्यार्थिनीने शिक्षणाच्या फायद्यांविषयी बोलणे सुरू केले होते.

*चिंतन:* आईने प्रश्न सुरक्षिततेचा विचारला आणि विद्यार्थिनीने तो अनास्थेचा म्हणून ऐकला. असे का झाले, याचा शोध घेताना तिला जाणवते की, तिच्या घरी शिक्षण हा इच्छाशक्तीचा विषय मानला जात असे. ज्यांना शिकायचे असते ते शिकतातच, हे तिने कधी तपासून न पाहिलेले गृहीतक होते.

*सिद्धांताशी दुवा:* विल्यम रायन यांनी १९७१ च्या 'ब्लेमिंग द व्हिक्टिम' या ग्रंथात, संरचनेतून निर्माण झालेल्या समस्येचे कारण पीडितातच शोधण्याच्या प्रवृत्तीचे विश्लेषण केले आहे. हा ग्रंथ विद्यार्थिनीने वर्गात अभ्यासलेला होता. पण अहवाल लिहिताना तो तिच्या मदतीला आला नाही. आता ती पाहते की, नवराबायकोची जोडी 'एक कोयता' म्हणून मोजली जाते, मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी दोघांनाही जावे लागते, हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत चालतो आणि तळावरील कोपीत धाकट्या भावंडांना सांभाळायला मोठी मुलगी लागते. शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा अस्तित्वात असला, तरी शाळेचे वर्ष आणि उसाचा हंगाम एकमेकांशी जुळत नाहीत.

*व्यावसायिक प्रतिसाद:* पालकांच्या समुपदेशनाऐवजी आता गावात हंगामी वसतिगृहाची सोय होईल काय, नातेवाइकांकडे राहणाऱ्या मुलांना आधार कसा मिळेल, कारखान्याच्या परिसरातील शाळेत तात्पुरता प्रवेश शक्य आहे काय, असे पर्याय आईशी बोलून तपासले जातात.

या आवर्तनात सिद्धांतही तपासला जातो. कुटुंबाचे भोवतालाशी असलेले संबंध दाखवण्यासाठी अॅन हार्टमन यांनी विकसित केलेला 'इकोमॅप' हा आराखडा समाजकार्यात सर्रास वापरला जातो. तो एका वेळचे, एका ठिकाणचे चित्र दाखवतो. वर्षातील निम्मा काळ दुसऱ्या जिल्ह्यात काढणाऱ्या कुटुंबासाठी गावाचा आणि तळाचा असे दोन आराखडे काढावे लागतात. अशा रीतीने क्षेत्रातील अनुभव सिद्धांताच्या मर्यादा दाखवून देतो.

## महत्त्व

न तपासलेल्या समजुतींचे परिणाम बालसंरक्षणाच्या क्षेत्रात विशेष ठळकपणे दिसतात. ब्रिटिश अभ्यासक आयलीन मन्रो यांनी १९७३ ते १९९४ या काळातील ब्रिटनमधील बाल-अत्याचारविषयक ४५ चौकशी अहवालांचा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध केला. एखाद्या कुटुंबाविषयी एकदा बनलेले मत विरुद्ध पुरावा समोर येऊनही बदलण्यास कार्यकर्ते फार वेळ लावत, हे त्यांना आढळले. इंग्लंडमधील बालसंरक्षण व्यवस्थेच्या आढाव्याचा त्यांचा अंतिम अहवाल २०११ मध्ये आला. त्यात नियमपूर्तीवरील अतिरिक्त भर कमी करून व्यावसायिक निर्णयक्षमता वाढवण्याची गरज मांडण्यात आली.

## भारतातील संदर्भ

भारतात समाजकार्याच्या व्यावसायिक शिक्षणाची सुरुवात १९३६ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क या संस्थेने झाली. क्लिफर्ड मॅन्शार्ट हे तिचे पहिले संचालक होते. नागपाडा येथील वस्तीकेंद्रातील कामाचा अनुभव त्यांच्या पाठीशी होता. १९४४ पासून ही संस्था टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस या नावाने ओळखली जाते. आरंभीच्या अभ्यासक्रमावर अमेरिकन प्रतिमानाचा मोठा प्रभाव होता. व्यक्तिसहाय्य कार्यावर भर देणारे हे ज्ञान भारतातील दारिद्र्य आणि जातिव्यवस्था यांना कितपत भिडते, हा प्रश्न पुढील काळात वारंवार विचारला गेला.

या प्रश्नाला संस्थात्मक पातळीवर मिळालेले एक उत्तर म्हणजे क्षेत्रकृती प्रकल्प. शिक्षणसंस्थेने स्वतः क्षेत्रात काम उभारायचे आणि त्यातून मिळालेले ज्ञान वर्गात व धोरणात आणायचे, अशी ही रचना आहे. मुंबई पोलिसांच्या सहकार्याने १९८४ मध्ये सुरू झालेला महिला व बालकांसाठीचा विशेष कक्ष आणि १९९६ मध्ये सुरू झालेली चाइल्डलाइन ही त्याची परिचित उदाहरणे आहेत. २००६ मध्ये सुरू झालेल्या 'कोशिश' या प्रकल्पाने बेघर व निराधार व्यक्तींसोबत काम केले. मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा, १९५९ नुसार उपजीविकेचे दृश्य साधन नसताना सार्वजनिक ठिकाणी भटकणे हेदेखील भीक मागण्याच्या व्याख्येत येऊ शकते आणि अशा व्यक्तीला भिक्षेकरी गृहात स्थानबद्ध करता येते. कायद्यातच दडलेले 'निराधार म्हणजे संशयित' हे गृहीतक तपासण्यासाठी हा विषय समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना उपयुक्त ठरतो. ऑगस्ट २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने या कायद्यातील अनेक तरतुदी दिल्लीपुरत्या घटनाबाह्य ठरवल्या.

भारतीय संदर्भात चिकित्सक चिंतनाला जातीचा प्रश्न टाळता येत नाही. विद्यार्थ्याला गावात आडनाव का विचारले गेले, बैठक कोणाच्या अंगणात घेतली, चहा कोणाच्या घरी घेतला आणि कोणाच्या घरी टाळला, या नोंदी क्षेत्रकार्याच्या आशयाचाच भाग ठरतात. या संदर्भात एक वैचारिक धागा उल्लेखनीय आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना ड्यूई यांचे विद्यार्थी होते. १९३६ मध्येच प्रसिद्ध झालेल्या 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या ग्रंथात त्यांनी ड्यूई यांचे ऋण मान्य केले आहे. परंपरेने दिलेले सर्वच जतन करण्याजोगे नसते, हा ड्यूई यांचा विचार आंबेडकरांनी जातिव्यवस्थेच्या चिकित्सेसाठी वापरला.

## टीका आणि मर्यादा

चिकित्सक चिंतनावर अनेक आक्षेप घेतले गेले आहेत. ग्रॅहम इक्सर यांनी १९९९ मधील लेखात असे प्रतिपादन केले की, चिंतन म्हणजे नेमके काय याविषयी पुरेशी स्पष्टता नसताना त्याचे गुणांकन करणे विद्यार्थ्यांवर अन्यायकारक ठरू शकते. कॅरोलिन टेलर यांनी चिंतनपर लेखन हे अनुभवाचे सरळ प्रतिबिंब नसून वाचकाला पटेल अशा रीतीने रचलेले कथन असते, याकडे लक्ष वेधले. गुण मिळवण्यासाठी चूक, पश्चात्ताप आणि सुधारणा असा ठरावीक साचा विद्यार्थी लवकर आत्मसात करतात.

दुसरा आक्षेप सत्तेविषयी आहे. जो शिक्षक गुण देतो त्याच्यासमोरच मन मोकळे करण्याची अपेक्षा ठेवल्यास चिंतनाचे रूपांतर पाळतीत होण्याचा धोका असतो. भारतीय वर्गात वंचित समूहांतून आलेल्या विद्यार्थ्याला स्वतःचे अनुभव उघड करण्याची किंमत इतरांपेक्षा अधिक मोजावी लागू शकते. त्यामुळे गोपनीयतेची हमी, काय सांगायचे व काय नाही हे ठरवण्याचे स्वातंत्र्य आणि शिक्षकानेही स्वतःची गृहीतके तपासण्यासाठी खुली करणे, या अटी आवश्यक मानल्या जातात.

तिसरी मर्यादा व्यावहारिक आहे. एका पर्यवेक्षकाकडे विद्यार्थ्यांची संख्या मोठी असेल, तर वैयक्तिक चर्चा हजेरी आणि अहवालावरील सही यांपुरती उरते. शिवाय गृहीतक उघड झाले म्हणून परिस्थिती आपोआप बदलत नाही. वरील उदाहरणात विद्यार्थिनीची दृष्टी बदलली, तरी गावात वसतिगृह नसेल तर मुलीला हंगामात तळावर जावेच लागते. चिंतन केवळ कार्यकर्त्याच्या मनात थांबले आणि संस्था, धोरण व व्यवस्था यांविषयीच्या कृतीपर्यंत पोहोचले नाही, तर फ्रेरी यांच्या अर्थाने ते अपुरेच राहते.